फळीवरची शेवटची झूल

माझ्या बायकोचा कोणावरही विश्वास नाही, आणि तिला त्याचेच पैसे मिळतात.

वर्षाराणी लोकांच्या ऑनलाइन दुकानांचे डेटाबेस बसवून देते. आम्ही नांदेडला राहतो. खाली माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आणि वरच्या खोलीत तिचं टेबल. पाण्याच्या मोटारी जळतात म्हणून माझं पोट चालतं, माणसं चुका करतात आणि खोटं बोलतात म्हणून तिचं. आमचं लग्न ठरायच्या आधी तिनं आपण गिऱ्हाईक आहोत असं भासवून माझ्या दुकानात फोन केला होता आणि जळालेली मोटार दुरुस्त करायचा भाव विचारला होता. दुसऱ्या दिवशी तिच्या चुलत भावानं तोच भाव विचारला. दोन्ही भाव सारखे निघाले म्हणून मी आज तिचा नवरा आहे. हे तिनं मला लग्नानंतर सांगितलं, तेही सहज, पोळ्या लाटता लाटता.

तिचं काम मला तिनंच एकदा समजावून सांगितलं. मोबाइलवर दिसतं ते दुकान म्हणजे नुसती पाटी. खरं दुकान मागे, टेबलांमध्ये असतं. एका टेबलात माल, एकात गिऱ्हाइकं, एकात ऑर्डरी, आणि तिन्ही एकमेकांना बांधलेली. ज्या गिऱ्हाइकाची नोंद नाही त्याची ऑर्डर आत घुसता कामा नये. जो माल नाही तो विकला जाता कामा नये. नऊ आकडी फोन नंबर आला तर तो दारातूनच परत. कोणी काय बघायचं, कोणी काय बदलायचं, हे प्रत्येकाच्या लॉगिनवर ठरलेलं. मला हे सगळं सोयरीक जुळवताना सतरा चौकशा करणाऱ्या मामासारखं वाटलं. तसं मी म्हणालो, तर ती म्हणाली की मामा तरी चहा पिऊन गप्प बसतो.

अशा बाईकडे चंद्रप्पांचं काम आलं, आणि दोन संशयी माणसांची गाठ पडली.

चंद्रप्पांचं लातूरला गंजगोलाईजवळ बैलांच्या साजाचं दुकान आहे. झुली, गोंडे, घुंगरमाळा, कासरे, शिंगांच्या टोकांना घालायच्या पितळी शेंब्या. वर्षाराणीचं माहेर चाकूरचं. तिचे वडील दर पोळ्याला साज तिथूनच न्यायचे, त्या ओळखीवर हे काम आलं. गावोगाव बैल कमी झाले, पण ज्याच्या दावणीला देवणी बैलांची जोडी उरली आहे तो आता तिला नवरदेवासारखा सजवतो आणि फोटो टाकतो. त्यामुळे पुण्याकडून, कर्नाटकातून फोन यायला लागले होते. चंद्रप्पांना ऑनलाइन विकायचं होतं, पण ऑनलाइन या शब्दावरच त्यांचा भरवसा नव्हता.

पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं, की आमच्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते राहणार कुठं? वर्षाराणी म्हणाली, सर्व्हरवर, तो मुंबईला असतो. त्यावर ते म्हणाले, मुंबईला कुणाच्या घरी? तिनं समजावलं की घर नसतं, भाड्यानं जागा घेतलेली असते. मग तर ते फारच सावध झाले. भाड्याच्या जागेत त्यांच्या बापानं कधी माल ठेवला नव्हता. उदगीरच्या एका व्यापाऱ्याला ही नावं विकली जाणार, अशी त्यांची पक्की समजूत होती. त्यांनी एक लोखंडी कपाटही विकत घेऊन ठेवलं होतं, डेटाबेस त्यात कुलूप लावून ठेवता येईल म्हणून. त्या कपाटात पुढे गोंडे ठेवले गेले.

वर्षाराणीला हा माणूस आवडला. परत येताना म्हणाली, असं गिऱ्हाईक पाहिजे. मला भीती वाटली.

दुकानात आणखी एक माणूस होतं, ते म्हणजे नीलाबाई. चंद्रप्पांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, लेक औशाला दिलेली, आणि बाई तरुणपणापासून भावाच्या दुकानाचं गोदाम सांभाळत आलेल्या. कपाळावर विभूतीचे पट्टे, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. चंद्रप्पा पुढे गादीवर बसायचे आणि मागे वळून नुसतं ‘अक्का, तांबडी झूल’ म्हणायचे, की झूल पुढे यायची. माल किती आहे हे त्यांना कधी माहीतच नसायचं, आणि माहीत असायची गरजही नव्हती. गिऱ्हाइकाला होय म्हणायचं की सोमवारी या म्हणायचं, हे अक्काच्या आवाजावरून ठरायचं.

आता ते मशीनवरून ठरायला लागलं. वर्षाराणीनं नीलाबाईंना एक लॉगिन दिलं, स्क्रीन दाखवली, आणि त्या चार दिवसांत शिकल्या. प्रत्येक वस्तूपुढे शिल्लक आकडा. ऑर्डर आली की आकडा आपोआप एकनं कमी. शून्य झाला की तो लाल दिसणार आणि चंद्रप्पांच्या मोबाइलवर माल मागवण्याचा निरोप जाणार. सकाळी पत्त्यांची लेबलं छापायची, लेबल छापलं की ऑर्डर ‘रवाना’ झाली अशी नोंद, मग पुडकी बांधून कुरियरवाल्याकडे द्यायची. आकडा शून्याखाली जाऊ शकत नाही, अशी अट वर्षाराणीनं स्वतः घातली होती. मी म्हणालो, झकास. ती म्हणाली, बघू.

उन्हाळ्यात सगळं सुरळीत होतं. आषाढ सरला तशी पोळ्याची गर्दी सुरू झाली आणि तक्रारी यायला लागल्या. कुणी पैसे भरले, त्याला ‘रवाना’ असा निरोप गेला, आणि झूल मात्र आली नाही. मग तसाच दुसरा, मग तिसरा. कुरियरवाला म्हणाला, असं पुडकं आमच्याकडे आलंच नाही. चंद्रप्पांनी पैसे परत केले आणि लगेच नांदेडला फोन लावला. त्यांचा संशय अर्थातच वर्षाराणीवर होता. ऑर्डरी उदगीरला वळवल्या जात आहेत, असं ते उघड म्हणाले नाहीत, पण उदगीरची हवा कशी आहे, असं दोनदा विचारलं.

वर्षाराणीला हे लागलं. तिच्यावर कोणी संशय घेतला तर ती रागावते, हा मला नेहमी अन्यायच वाटत आलेला आहे. तिनं जेवण बाजूला सारलं आणि टेबलं उपसायला बसली. डेटाबेसमध्ये चूक नव्हती. पण एक गोष्ट तिला खटकली. तांबड्या झुलीचा आकडा शून्य होत होता आणि संध्याकाळी पुन्हा एक होत होता. नवा माल आल्याची नोंद नव्हती. घुंगरमाळेचं तेच, पितळी शेंब्यांचं तेच. कोणीतरी हातानं शून्याचा एक करत होतं.

मग तिनं सापळा लावला. डेटाबेसमध्ये असा पहारा बसवता येतो, की कोणी आकडा बदलला तर बदलणाऱ्याचं नाव गुपचूप दुसऱ्या टेबलात लिहिलं जातं आणि बदलणाऱ्याला पत्ता लागत नाही. दोन-तीन दिवसांत नाव आलं. प्रत्येक ओळीत एकच. नीलाबाई.

मी म्हणालो, त्या म्हातारीला झूल चोरून करायचं काय? तिच्याकडे तर बैलही नाही. वर्षाराणी म्हणाली की माल विकायला बैल लागत नाही. लेबल छापलं जातं, पुडकं कुरियरपर्यंत पोहोचत नाही, आणि संध्याकाळी आकडा सारखा केला जातो. याला झाकाझाकी म्हणतात.

‘तू आधी जाऊन गोदामातली फळी तर बघ,’ मी म्हणालो.

‘मी माणसाबद्दल बोलतच नाही. मी नोंदीबद्दल बोलून राहिले.’

आणि तिनं चंद्रप्पांना फोन लावला. मला तेव्हा तिचा राग आला, खरंच आला. नोंदीबद्दल बोलायचं होतं तर नाव कशाला घ्यायचं? पण नाव घेतल्याशिवाय नोंद पुरी होत नाही, असं तिचं शास्त्र. पलीकडून चंद्रप्पा एवढंच म्हणाले की उद्या या.

दुसऱ्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत आम्ही बसनं लातूरला पोहोचलो. दुकानाच्या पायरीवर नीलाबाई बसल्या होत्या. शेजारी कापडी पिशवी. कमरेला जुडगा नव्हता. तो गादीवर, चंद्रप्पांच्या मांडीजवळ होता. आम्ही यायची वाटसुद्धा न बघता त्यांनी कालच किल्ल्या मागून घेतल्या होत्या. का, ते सांगितलं नव्हतं. बाईंनीही विचारलं नव्हतं. आम्हाला बघून त्यांनी नेहमीसारखा ‘शरणार्थ’ म्हणत नमस्कार केला आणि प्यायला पाणी घ्या म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. त्या घरात पाणी द्यायचा हक्क आपला आहे की नाही, हेच त्यांना कळेनासं झालं असावं.

चंद्रप्पांनी आम्हाला आत घेतलं आणि हळू आवाजात सुरुवात केली. अक्काच्या लेकीकडे औशाला नवं घर बांधणं चाललंय, असं ते म्हणाले. मागच्या महिन्यात अक्का दोनदा औशाला जाऊन आली. जाताना पिशवी भरलेली होती. एका रात्रीत त्या माणसानं बहिणीच्या कितीतरी वर्षांच्या येण्याजाण्याला नवा अर्थ लावून टाकला होता. मी ऐकत होतो आणि मला वाटत होतं की हा पहारा आता डेटाबेसमधून बाहेर पडून याच्या डोक्यात बसला आहे.

वर्षाराणीनं त्यांना मध्येच थांबवलं. गोदाम उघडा म्हणाली. चंद्रप्पा म्हणाले, नोंद आहे ना तुमच्याकडे, आणखी काय बघायचं?

‘अप्पा, माझा तुमच्यावर विश्वास नाही,’ ती म्हणाली. ‘माझ्या नोंदीवर पण नाही. फळी बघू द्या.’

त्या क्षणी मला ही बाई फार आवडली.

गोदामात चार भिंतींना फळ्या. पोळ्याचे दिवस, त्यामुळे बहुतेक फळ्या ओस पडलेल्या. पण रिकामी एकही नव्हती. प्रत्येक फळीच्या मधोमध एकच वस्तू नीट ठेवलेली. एक तांबडी झूल, घडी घातलेली. एक घुंगरमाळ. शेंब्यांची एक जोडी. प्रत्येकीला विभूतीचं बोट लावलेलं. वर्षाराणीनं झूल उचलली तर खाली लेबलं होती. छापलेली, पत्त्यांसकट, ज्या क्रमानं ऑर्डरी आल्या त्या क्रमानं लावून ठेवलेली. पुडकी कुठे गेली याचा शोध आम्ही नांदेडहून घेत होतो. पुडकी झालीच नव्हती.

तिनं नीलाबाईंना आत बोलावलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, की हे असं का ठेवलंय.

नीलाबाईंना प्रश्नच कळेना. भात शिजवायला पाणी का घालता, असं कोणी विचारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

‘शेवटचं नग देत न्हाईत, बाई,’ त्या म्हणाल्या. ‘फळी उपाशी ठिवू न्हाई. आमच्या आईनं घालून दिल्यालं हाय. एक ठिवायचं, नवा माल आला की मग त्यातलं द्यायचं. लेबलं ठिवलीत की मी. माल आला की पैल्यांदा त्यांचंच.’

‘मग मशीनमधला आकडा?’

‘त्यात तर तांबडं शून्य येत होतं. पोळ्याच्या तोंडावर घरात शून्य कसं ठिवू? आन् खोटं कुठं लिवलं मी? एक हायच की फळीवर.’

मग सगळं एका मागोमाग उलगडत गेलं. फळीवर एक होती, म्हणून त्यांनी एक लिहिली. मशीननं ती एक विकायला काढली. ऑर्डर आली, लेबल छापलं, ‘रवाना’ झालं, आकडा शून्य झाला, आणि संध्याकाळी त्यांनी पुन्हा खरं तेच लिहिलं. तीच एक झूल पुण्याला, विजापूरला, साताऱ्याला विकली जात राहिली आणि फळीवरून हलली नाही. आणि शून्य टिकतच नव्हतं, म्हणून माल मागवायचा निरोप आला की लगेच खोटा ठरत होता. नीलाबाई रोज भावाला सांगत होत्या की माल मागव. भाऊ रोज मोबाइलमध्ये बघून सांगत होता, एक शिल्लक दिसून राहिलंय, कशाला मागवू. त्यांना वाटलं, भावाचा हात आखडलाय. त्याला वाटलं, बहिणीचं वय झालंय. नंतर तर त्याच्या मनात त्याहून वाईट आलं.

वर्षाराणी फळीला टेकून उभी राहिली. आपल्या वडिलांना एकदा झूल न घेता लातूरहून चाकूरला परत यावं लागलं होतं, हे तिला आता आठवलं. समोर फळीवर झूल दिसत होती आणि गादीवरून चंद्रप्पा म्हणत होते, सोमवारी या. हे तिनं मोठ्यानं सांगितलं. चंद्रप्पा खाली बघत होते. कारण ही रीत त्यांना ठाऊक नव्हती असं थोडंच होतं? आयुष्यभर तेच तर गिऱ्हाइकांना परत पाठवत आले होते. फक्त मशीननं सांगितलं की माल गेला, तेव्हा मागे चार पावलं जाऊन फळी बघावी, असं त्यांना वाटलं नाही.

वर्षाराणीनं चूक कबूल केली. तिला ते सोपं जात नाही. म्हणाली, ‘मावशी, चुकलं माझं. माल किती आहे ते मी विचारलं. त्यातला विकायचा किती, हे विचारलंच नाही. आणि तुम्हाला न विचारता तुमचं नाव सांगितलं.’

‘तू परकी बाई,’ नीलाबाई म्हणाल्या. ‘तुजं कामच संशय घेणं हाय. तुला मी काय म्हणू?’

त्या तिच्याकडे बघून बोलत होत्या, पण ते कोणाला होतं ते कळत होतं. चंद्रप्पांनी जुडगा उचलला आणि पुढे केला. ‘अक्का, धर.’ माणूस वाईट नव्हता. मला त्यांची दयाच आली.

नीलाबाईंनी जुडगा घेतला नाही. राहू दे तुझ्याकडं, म्हणाल्या. मग शांतपणे वर्षाराणीला विचारलं की मशीनचं आता काय करणार. तिनं सांगितलं. मालाच्या टेबलात एक नवा रकाना करते, ‘फळीचा’ म्हणून, आणि अट घालते की तो एक नग कोणाला विकता येणार नाही. फळीवर एकच उरला की मशीन माल मागवायला सांगेल. लाल शून्य कधीच दिसणार नाही. आणि कुरियरवाल्यानं पुडकं घेतल्याशिवाय ‘रवाना’ म्हणायचं नाही. नीलाबाईंनी मान हलवली. असं करा, चांगलं हाय, म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलेलं दिसलं.

तिथंच बसून वर्षाराणीनं ते काम केलं. मी आणि चंद्रप्पा माल मागवायचे फोन करत बसलो. काही जणांकडे तयार माल निघाला, पोळ्याआधी बहुतेकांना पाठवता येईल असा अंदाज आला. नीलाबाईंनी लेबलं वर्षाराणीच्या हातात दिली आणि कोणाचं आधी, कोणाचं नंतर, ते सांगितलं. मला वाटलं, आता मिटलं. बाई चहा टाकतील, आपण पिऊ, आणि बस पकडू.

पण नीलाबाई बाहेर आल्या आणि पायरीवरची पिशवी उचलून गादीपुढे ठेवली. लेकीकडे औशाला जाते, म्हणाल्या. चंद्रप्पा म्हणाले, पोळा झाला की जा, गाडीनं सोडतो. पोळ्याला अक्का घरात नसेल तर दारात येणाऱ्या बैलांना ओवाळणार कोण, असंही म्हणाले. नीलाबाईंनी पिशवीची गाठ सोडली आणि तोंड उघडून ती भावाकडे सरकवली.

‘बघून घे.’

‘मी कशाला बघू, अक्का?’

‘बघ. मग उद्या परत कुणी काय सांगंल.’

माझी बायको जगातलं काहीही उघडं दिसलं तर आत डोकावल्याशिवाय राहत नाही. दुधाची पिशवी असो, माझा मोबाइल असो, दवाखान्याचं बिल असो. पिशवीचं तोंड उघडलं तशी ती वळली आणि रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली. मी तिच्या शेजारी होतो, पण माझं तोंड आत होतं, म्हणून मला दिसलं. चंद्रप्पा ‘नको, नको’ म्हणत होते, हात नकाराचे हलत होते, डोळ्यांत पाणी होतं. आणि त्यांची नजर पिशवीत गेली. पळभरच. दोन लुगडी, विभूतीची डबी, नातवासाठी घेतलेला असावा असा दुकानातलाच एक रंगीत गोंडा, त्या गोंड्यावर ती नजर क्षणभर थांबली आणि वर आली.

नीलाबाईंनी ते बघितलं. त्यांनी तो गोंडा काढला, गादीवर ठेवला, पिशवीची गाठ मारली आणि पायरी उतरल्या.

आम्ही त्यांना औशाच्या गाडीत बसवून दिलं. त्यांनी वर्षाराणीला पोळ्याला चाकूरला जाणार का, असं विचारलं आणि वडिलांना नमस्कार सांगितला. चंद्रप्पा आले नाहीत. नांदेडच्या बसमध्ये बसल्यावर वर्षाराणी खिडकीबाहेर बघत होती.

‘बघितलं का त्यांनी पिशवीत?’ तिनं विचारलं.

‘नाही,’ मी म्हणालो.

मी खोटं बोलतो तेव्हा तिला लगेच कळतं. तिनं माझ्याकडे वळून बघितलं नाही, आणि पुन्हा विचारलं नाही.